दंतवैद्य आणि औषधी सीबीडी : खान्देशातील रुग्ण व सहकाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एकोणीस वर्षे दातांचा दवाखाना चालवते. कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, या औषधाविषयी पहिली दहा-बारा वर्षे मला एकाही रुग्णाने विचारले नव्हते. आता महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतात आणि तेवढेच सहव्यवसायी फोनवर विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

सीबीडी म्हणजे काय? गांजा, भांग आणि सीबीडी हे एकच आहे का?

झाड एक, पण त्यातून मिळणारे पदार्थ वेगवेगळे आहेत. फुलोऱ्यापासून गांजा होतो, राळेपासून चरस होते आणि पानांपासून भांग होते. या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्ये सापडली असून त्यांतील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य आहे. सीबीडी हे दुसरे प्रमुख द्रव्य. रॉजर अ‍ॅडम्स यांच्या गटाने अमेरिकेत १९४० मध्ये ते वेगळे केले, १९६३ मध्ये राफाएल मेशुलम यांच्या इस्राएलमधील प्रयोगशाळेने त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी तेथेच टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवले गेले. (याच प्रयोगशाळेने १९९२ मध्ये आपल्या शरीरातच तयार होणारे एक तत्सम द्रव्य शोधले आणि त्याला संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले.)

सीबीडीने नशा येत नाही आणि त्याची चटक लागण्याची शक्यता दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये नोंदवले. मात्र यावरून सीबीडीचा मेंदूवर परिणामच होत नाही असे समजणे चुकीचे ठरेल. अपस्माराच्या काही गंभीर प्रकारांवर ते औषध म्हणून वापरले जाते आणि त्याने झापड येते. मेंदूपर्यंत न पोहोचणारे द्रव्य ही दोन्ही कामे करू शकणार नाही.

दंतवैद्य या औषधाकडे कसे पाहतात?

‘उत्सुकता आहे, पण हात पुढे होत नाही’ असे मी याचे वर्णन करीन. आमच्या भागातील दंतवैद्य अधूनमधून अभ्यासासाठी एकत्र जमतो. अशाच एका बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने हा विषय काढला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया शांततेची होती. मग एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितले की आपण गांजाच्या जवळपासही जाऊ नये, कारण उद्या गावात बोलले जाईल आणि दवाखान्याचे नाव खराब होईल. तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका सहकाऱ्याची हरकत वेगळी होती. त्यांना बदनामीची काळजी नव्हती. किती मिलिग्रॅम द्यायचे, किती वेळाने परिणाम होतो आणि भुलेच्या इंजेक्शनशी त्याचे जमते का, हे कोणी सांगितल्याशिवाय आपण ते वापरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरुण सहकाऱ्याचा मुद्दाही खरा होता : रुग्ण हे तेल घेतच आहेत, आणि आपण विचारत नसल्यामुळे ते आपल्याला कळत नाही.

या तिन्ही भूमिका एकाच खोलीत होत्या आणि तिन्ही प्रामाणिक होत्या. परदेशांत वैद्यकीय व्यावसायिकांमध्ये झालेल्या पाहण्यांतही असेच चित्र वारंवार दिसते. औषधाविषयी तत्त्वतः अनुकूल असणारे अनेक असतात, परंतु रुग्णाशी त्याविषयी आत्मविश्वासाने बोलू शकू असे म्हणणारे थोडे असतात, आणि शिक्षण मिळाले नाही ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते.

एवढा संकोच कशामुळे?

पहिले कारण शिक्षण हेच आहे. बी.डी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही औषधशास्त्र शिकतो. माझ्या वेळी त्यात वेदनाशामकांवर तास होत, भुलेच्या औषधांवर तास होत. या झाडाचा उल्लेख मात्र व्यसनांच्या यादीत एका ओळीत आला आणि संपला. ज्या पदार्थाची पहिली ओळख परीक्षेच्या वहीत ‘व्यसन’ म्हणून होते, त्याकडे पुढे औषध म्हणून पाहायला मन सहज तयार होत नाही.

दुसरे कारण आपल्या परिसरात आहे. शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाच्या शेतीवर पोलिसांनी केलेल्या कारवाईच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. त्यामुळे धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हा शब्द उच्चारला की दवाखाना आठवत नाही, पोलीस ठाणे आठवते. रुग्णही म्हणूनच हळू आवाजात विचारतो, आणि डॉक्टरही बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने उत्तर देतो.

दातदुखी सीबीडीने थांबते याला पुरावा आहे का?

आहे, पण तो किती आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथील विद्यापीठात तातडीच्या दातदुखीवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’ या नियतकालिकात छापले गेले. मध्यम ते तीव्र दातदुखी असलेल्या ६१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट करण्यात आले. एका गटाला वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी, दुसऱ्याला २० मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला औषध नसलेले द्रावण देण्यात आले. नंतर तीन तास वेदना मोजण्यात आली. सीबीडी मिळालेल्या दोन्ही गटांत ठणका लक्षणीय कमी झाला, सर्वाधिक घट मूळ वेदनेच्या सुमारे ७३ टक्के होती आणि रुग्णांना दुखऱ्या दातावर अधिक जोराने चावता आले. झापड, पोटदुखी आणि जुलाब या तक्रारी सीबीडीच्या गटांत जास्त आढळल्या.

दंतवैद्याच्या दृष्टीने हा निकाल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तरीही मला त्यात तीन गोष्टी खटकतात. रुग्ण फक्त एकसष्ट होते. औषध एकदाच दिले गेले आणि निरीक्षण तीन तासांचे होते. दाढेचा ठणका मात्र रात्रभर चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आणि तुलना आयब्युप्रोफेनशी झाली नाही, बिनऔषधी द्रावणाशी झाली. आमच्यासमोरचा खरा प्रश्न ‘काही न देण्यापेक्षा सीबीडी बरे का’ असा नसून ‘रोजच्या गोळीपेक्षा ते बरे का’ असा असतो. त्याचे उत्तर या चाचणीत नाही.

आजही प्रौढांच्या तीव्र दातदुखीवर पहिली निवड आयब्युप्रोफेनसारखे दाहशामक, एकटे किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने, हीच आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाठिंब्याने २०२४ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात.

मग बाजारात मिळणाऱ्या तेलाचे काही थेंब घेतल्याने दाढदुखी थांबेल का?

मागच्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातील केळीच्या मळ्यात काम करणारे एक गृहस्थ आले. गालाला रुमाल बांधलेला, खिशात एक लहान काळी बाटली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि विचारले, “डाक्टर, हाई तेल दाढले लावू का?” मुलाने पुण्याहून पाठवले होते. चष्मा लावून मी लेबल वाचले. ते भांगेच्या बियांचे तेल होते. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसते. ते जवस-तिळाच्या तेलासारखे खाद्यतेल आहे. त्या गृहस्थांनी चार दिवस ते तेल कापसाच्या बोळ्याने दाढेत भरले होते आणि तेवढ्या वेळात कीड दाताच्या आतील नसेला पोहोचून जबड्याला सूज आली होती.

बाटलीवर खरोखर सीबीडी लिहिलेले असले तरी हिशेब करून पाहावा. ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम येते. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. वर सांगितलेल्या चाचणीतील कमी मात्रा घेतली तरी साठ किलो वजनाच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम लागतील, म्हणजे १२ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली, तीही एका वेळेला. पाच थेंब जिभेखाली ठेवून दाढदुखी थांबली असे कोणी सांगत असेल, तर ती आपोआप उतरली असण्याची किंवा आतील नस मेल्याने ठणका तात्पुरता थांबला असण्याची शक्यता अधिक आहे. दुसरी शक्यता धोक्याची असते, कारण दुखणे थांबल्यावर रुग्ण दवाखान्यात येत नाही आणि संसर्ग हाडात पसरत राहतो.

शिवाय लेबलावरचा आकडा खरा असेलच असे नाही. अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या सीबीडीच्या ८४ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांतील केवळ २६ उत्पादनांत लेबलाप्रमाणे मात्रा निघाली आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. खुर्चीत बसलेल्या रुग्णाने काय घेतले आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, असा याचा अर्थ मी घेते.

सीबीडी वेदना कमी कशी करते?

ते शरीरातील एकाच कुलपाला लागणारी किल्ली नाही. टीएचसी ज्या ग्राहीला (पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागेला) घट्ट चिकटते त्याच्याशी सीबीडीचे नाते सैल आहे आणि इतर अनेक ठिकाणी ते थोडे थोडे काम करते. त्यांतील एक ठिकाण खान्देशी माणसाला सहज समजेल. मिरचीने तोंड भाजते ते ज्या ग्राहीमुळे, त्याचे नाव टीआरपीव्ही१. तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधला आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी विभागून मिळाले. हा ग्राही दाताच्या गाभ्यातील वेदनातंतूंवरही असतो आणि सीबीडी त्याला उत्तेजित करून पुढे बधिर करते, असे प्रयोगशाळेतील कामावरून दिसते.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर किंवा हिरड्यांवर उपयोग होतो का?

जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्यावर पोलंडमध्ये ६० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गालाच्या चावण्याच्या स्नायूवर दोन आठवडे सीबीडीचे मलम चोळल्यावर दुखणे आणि स्नायूंचा ताण कमी झाला. त्वचेवर लावायचे असल्याने धोका कमी, म्हणून या दिशेने पुढे काम व्हावे असे मला मनापासून वाटते. हिरड्यांसाठी आणि दातांवरच्या किटणासाठी विकल्या जाणाऱ्या सीबीडी टूथपेस्टविषयी मात्र बशीतील जिवाणूंवरचे प्रयोग सोडले तर हाती फारसे काही नाही. ब्रश नीट फिरवावा.

गुटखा-तंबाखूमुळे तोंड उघडत नाही, आग होते. त्यावर हे तेल चालेल का?

हा प्रश्न आमच्या भागात सर्वात जास्त आणि सर्वात कळकळीने विचारला जातो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी सुपारीमुळे तोंडातील अस्तर पांढरे, ताठ झालेले आणि दोन बोटेही आत न जाणारे विशी-पंचविशीतले मुलगे आम्ही दर आठवड्याला पाहतो. शेवभाजीचा पहिला घास घेतला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. मिश्री लावणाऱ्या बायांच्या हिरड्यांजवळचे पांढरे चट्टे हाही रोजचाच विषय आहे.

या आजारावर सीबीडीने गुण येतो असे दाखवणारा माणसांवरील भरवशाचा अभ्यास नाही. आग कमी वाटली तरी अस्तराचा ताठरपणा जाणार नाही. माझी खरी भीती पुढची आहे : तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात याच तोंडांमध्ये होते, आणि ‘कॅन्सरवरही चालते’ असे सांगून विकलेल्या तेलाच्या भरवशावर रुग्ण तपासणीचे महिने घालवतो. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कमी कमी उघडणारे तोंड यांसाठी तपासणी आणि गरज पडल्यास तुकडा काढून पाहणे हाच मार्ग आहे. सुपारी सोडणे हा पहिला उपचार आहे आणि त्याला पर्याय नाही.

भारतात सीबीडी कायदेशीर आहे का?

सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा, जो एनडीपीएस म्हणून ओळखला जातो, चरस आणि गांजा यांना बंदीच्या कक्षेत घेतो. मात्र गांजाच्या व्याख्येतून फुलोरा सोबत नसलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत. या फटीतून पानांपासून काढलेला अर्क आयुर्वेदिक परवान्याखाली ‘विजया’ या नावाने औषध म्हणून बाजारात येतो. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात भांगेचा समावेश विषारी द्रव्यांमध्ये आहे, म्हणून अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. भांगेवर राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचेही नियंत्रण आहे. बियांना २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, तो विषय पूर्ण वेगळा.

व्यवहारात याचा अर्थ असा, की नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवर, परवाना क्रमांक असलेल्या बाटलीतून घेतलेले औषध एका बाजूला, आणि ओळखीच्या माणसाकडून पुडीत किंवा बिनलेबलाच्या बाटलीत आलेले काहीही दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात रुग्ण औषध घेत नाही, गुन्हा पत्करतो.

माझे दंतवैद्य मला हे औषध लिहून देतील का?

बहुतेक नाही, आणि त्यात त्यांचा हटवादीपणा नाही. आमची नोंदणी दंतवैद्यक कायद्याखाली आहे आणि शिक्षण आधुनिक औषधशास्त्राचे आहे. आयुर्वेदिक औषध लिहिणे हे त्या शास्त्रात शिकलेल्या आणि नोंदणी असलेल्या वैद्यांचे काम आहे. शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मिळालेली मान्यता लहान मुलांतील अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी होती आणि २०२० मध्ये तिसऱ्या आजाराची त्यात भर पडली. दातदुखी त्या मान्यतेत नाही.

तरीही ‘मी लिहून देऊ शकत नाही’ आणि ‘मला त्याविषयी माहिती असण्याची गरज नाही’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले खरे आहे म्हणून आमच्यातील अनेक जण दुसरेही खरे मानतात, आणि तेथे मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो.

इतर औषधांबरोबर सीबीडी घेतले तर काय होते?

दंतवैद्याने या विषयात एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ती ही असावी. यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) अनेक औषधांचे विघटन होते, त्यांतील काहींना सीबीडी अडवते. परिणामी दुसरे औषध रक्तात साचते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल आणि त्याने कोणाला न सांगता सीबीडी सुरू केले असेल, तर रक्त अपेक्षेपेक्षा जास्त पातळ होऊ शकते, आणि हे दाढ काढल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. अपस्मारासाठी क्लोबाझाम घेणाऱ्याला जास्त झापड येते. व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताची विकरे वाढण्याचा धोका अधिक असतो. उलट दिशेनेही विचार करावा लागतो : आम्ही लिहून देतो ती क्लॅरिथ्रोमायसिन किंवा तोंडातील बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल ही औषधे सीबीडीचीच पातळी वाढवू शकतात.

जेवणाचाही फरक पडतो. स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर सीबीडी रिकाम्या पोटी घेतल्याच्या चार-पाच पट शोषले जाऊ शकते. काल उपाशीपोटी घेतलेले पाच थेंब आणि आज तुपात चुरलेल्या वरण-बट्टीनंतर घेतलेले पाच थेंब शरीराच्या हिशेबात सारखे नाहीत.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांविषयी एक वेगळी नोंद करते. तेथील आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण जास्त आहे आणि त्या आजारात जबड्याचे हाड दुखणे हे कधी दाताचे दुखणे नसून आजाराचा झटका असतो. अशा रुग्णाला कोणतेही वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नये, सीबीडी तर नाहीच. किडनीवर ताण येत असल्याने नेहमीच्या गोळ्याही त्यांना जपून द्याव्या लागतात.

दाढ काढायच्या दिवशी सीबीडी किंवा गांजा घेतलेला असेल तर?

येथे दोन्ही वेगळे मोजावे लागतात. धूर ओढून घेतलेल्या गांजाने हृदयाचे ठोके वाढतात, आणि आमच्या भुलेच्या इंजेक्शनमध्ये लिग्नोकेनबरोबर बहुधा १ : ८०,००० प्रमाणात अ‍ॅड्रेनॅलिन असते, त्यानेही ठोके वाढतात. दोन्ही एकत्र आले तर धडधड, घबराट, रक्तदाबातील चढउतार होऊ शकतात. अशा वेळी तातडी नसेल तर काम पुढे ढकलणे योग्य. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत ५२ टक्के दंतवैद्यांनी नशेत आलेले रुग्ण पाहिल्याचे सांगितले होते. आपल्याकडे आम्ही विचारतच नाही, त्यामुळे आपला आकडा कोणाला माहीत असणार?

शुद्ध सीबीडीने ठोके वाढत नाहीत, परंतु गुंगी येते. त्यावर झोपेची गोळी किंवा दारू घेतली असेल तर गुंगी वाढते, म्हणून सोबत माणूस हवा आणि मोटारसायकल त्यानेच चालवावी. दाढ काढलेल्या ताज्या खड्ड्यात कोणतेही तेल घालू नये. तेथे धरलेली रक्ताची गुठळी हीच जखमेची पट्टी असते. ती निघाली की तिसऱ्या दिवशी जो ठणका सुरू होतो, तो मूळ दाढदुखीपेक्षा वाईट असतो.

गांजा नियमित ओढणाऱ्यांच्या हिरड्यांविषयी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या लोकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बत्तिसाव्या वर्षी त्यांच्या दातांचा आधार अधिक झिजलेला आढळला, आणि तंबाखूचा परिणाम वजा केल्यावरही तो फरक राहिला. हा दोष धुराचा व गांजाचा आहे, सीबीडीच्या थेंबांना तो लावता येत नाही. सहकारी बोलताना ही दोन्ही प्रकरणे सर्रास एकत्र करतात, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

परदेशातील दंतवैद्य आपल्यापेक्षा अनुकूल का दिसतात?

त्यांच्यापुढची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत दाढ काढल्यावर अफूवर्गीय गोळ्या लिहिण्याची पद्धत होती, त्यातून तरुणांना व्यसन लागले, आणि त्या गोळ्यांना पर्याय शोधणे ही तेथील दंतवैद्यांची नैतिक गरज बनली. आपल्याकडे दंतवैद्य फार तर ट्रॅमाडॉलपर्यंत जातो आणि तेही २०१८ पासून एनडीपीएसच्या कक्षेत आहे. आपली अडचण आहे ती मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफिनॅक आणि केटोरोलॅकची. पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये अशी केटोरोलॅकची गोळी महिनाभर चघळून किडनी बिघडवून आलेले शेतकरी मी पाहिले आहेत. किडनीचा आजार, पोटातील व्रण किंवा दाहशामकांनी उठणारा दमा असलेल्या रुग्णासाठी आमच्या हातात आज पॅरासिटामॉलपलीकडे फारसे काही नसते. सीबीडीवर भारतात दंतवैद्यकीय संशोधन व्हायचे असेल तर ते या रुग्णांसाठी व्हावे.

रुग्णाला हे विचारायचे कसे? तो खरे सांगेल का?

केस पेपरवर ‘व्यसन : आहे / नाही’ अशी रकान्यातील खूण पुरत नाही. ‘गांजा ओढता का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ हेच येते. माझा अनुभव असा, की शेजारची खुर्ची रिकामी असताना, मास्क खाली करून, साध्या शब्दांत विचारले तर बहुतेक जण सांगतात. मी असे विचारते : “आप्पा, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी कुठलं तेल, चूर्ण, भांग असं काही चालू आहे का? मला भूल किती द्यायची ते ठरवायचंय, बाकी कोणाला सांगायचं नाही.” कारण सांगितले की माणूस मोकळा होतो. सोबत सून किंवा मुलगा असेल तर त्यांना औषध आणायला म्हणून बाहेर पाठवावे, कारण अनेकदा लपवाछपवी डॉक्टरांपासून नसते, घरच्यांपासून असते.

एकदा एका बाईंनी हा प्रश्न ऐकून पदराखालून बाटली काढली. गुडघ्यांसाठी त्या चार महिने ते तेल घेत होत्या आणि वॉरफरिनही चालू होते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते. रक्ताची तपासणी करून घेतली, दाढ आठ दिवसांनी काढली आणि रक्त वेळेत थांबले.

सीबीडी घेत असल्यास दवाखान्यात येताना काय आणावे?

बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट मूळ लेबलासह आणावे. लेबल फाडून किंवा दुसऱ्या बाटलीत ओतून आणू नये. ज्या वैद्यांनी ते लिहून दिले त्यांची चिठ्ठी, सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, आणि यकृताच्या तपासणीचा किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असल्यास आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) अलीकडचा अहवाल सोबत असावा. शेवटचा डोस कधी घेतला, किती घेतला आणि जेवणानंतर की आधी, हे आठवून सांगावे. अपस्मारासाठी डॉक्टरांनी सीबीडी दिले असेल, तर दाताच्या कामासाठी म्हणून ते स्वतःहून बंद करू नये. आम्ही त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतो आणि त्यानंतरच तारीख देतो.